रात्रभर चालणारी टप्प्यांची शर्यत

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत, युवकांच्या विनंतीवरून केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवांत मजसारख्या दूरदेशीं राहणाऱ्या माणसास बोलण्यास पाचारण केलें, याबद्दल मी फादरांचा व चालक मंडळीचा फार आभारी आहें. माझ्या आधींच्या वक्त्यांनीं आपल्या देवळाचा इतिहास इतक्या समर्थपणें सांगितला आहे कीं, त्यांत भर घालण्याची माझी पात्रता नाहीं. माझ्या वाट्यास आलेला विषय पायांचा आहे. आपल्या युवकांनीं असा बेत योजिला आहे कीं, वांद्र्याच्या मोतमावलीपासून एक पेटती ज्योत घ्यावयाची, आळीपाळीनें धांवत ती एका रात्रींत येथें आणावयाची, आणि पहाटेच्या मिस्सेच्या आधीं देवळाच्या पायरीवर ठेवावयाची. परदेशांत मी अशा रात्रींच्या शर्यतींत तीन वेळां धांवलों आहें, हें कोणी तरी फादरांच्या कानीं घातलें. तेव्हांपासून गेले दहा दिवस माझ्याकडे दोन प्रकारचीं माणसें येत आहेत. तरुण येतात ते विचारतात, "दादा, कोणते बूट घ्यावे?" आणि त्यांच्या आया येतात त्या विचारतात, "बाबा, पोराला जाऊं द्यावें कीं नाहीं?" बुटांचें उत्तर सोपें आहे, जुने, पायांस सरावलेले घ्यावे. दुसऱ्या प्रश्नासाठीं मात्र मला सर्व हकीकत सांगितली पाहिजे.

अशी धांव आपल्या मुलखास नवी नाहीं. शिवजयंतीस शिवनेरी, रायगड अशा किल्ल्यांवरून आणि नवरात्रांत तुळजापूर, सप्तशृंगी अशा ठिकाणांहून गांवोगांवचीं मुलें ज्योत घेऊन रात्रीं-बेरात्रीं धांवतांना आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. पुढें मशाल, मागें गाणीं लावलेला टेंपो, आणि टेंपोच्या फळीवर पाय मोकळे सोडून बसलेलीं दहा-पंधरा मुलें. त्यांचा उत्साह पाहून ऊर भरून येतो. मागून आलेल्या मालमोटारीनें अशा एखाद्या टेंपोस ठोकरल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते, तेव्हां तोच ऊर दडपतो. या बातम्यांत धांवणें अपराधी असतें असें नाहीं. बहुतेक वेळीं अपघात धांवणाऱ्यांच्या मागें किंवा पुढें घडतो. हें ध्यानांत ठेवून पुढचें ऐकावें.

टप्प्याटप्प्यानें, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं कांहीं वस्तू देत दूरवर धांवत जाण्याच्या आधुनिक शर्यतीची मोठी परंपरा जपानांत आहे. तिकडे तिला 'एकिदेन' म्हणतात. 'एकि' म्हणजे डाकेचें ठाणें आणि 'देन' म्हणजे पोंचविणें. आपल्याकडे डाकेचे हरकारे टप्प्याटप्प्यानें धांवत, तशांतलीच ही कल्पना. टोकियो राजधानी झाल्यास पन्नास वर्षें झालीं म्हणून एका वर्तमानपत्रानें १९१७ सालच्या एप्रिल महिन्यांत जुन्या राजधानींतून, म्हणजे क्योतोहून, टोकियोपर्यंत अशी शर्यत भरविली. अंतर पांचशें किलोमीटरांहून अधिक, टप्पे २३, संघ दोनच, एक पूर्वेचा व एक पश्चिमेचा. २७ तारखेस दुपारीं निघालेले धांवपटू रात्रंदिवस धांवत २९ तारखेस मध्यान्हीच्या आधीं टोकियोस पोंचले. त्यांच्या हातीं काठी नव्हती. खांद्यावरून तिरपा घातलेला एक कापडी पट्टा होता, तोच एकानें उतरून दुसऱ्याच्या अंगावर घालावयाचा. जिंकलेल्या पूर्वेच्या संघाचा शेवटचा टप्पा कनाकुरी नांवाच्या धांवपटूनें धांवला. हाच तो कनाकुरी, जो १९१२ सालीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिक शर्यतींत उन्हानें व्याकूळ होऊन वाटेंतच थांबला आणि ज्याला १९६७ सालीं, वयाच्या पंचाहत्तरीनंतर, तिकडच्या लोकांनीं बोलावून ती शर्यत पुरी करूं दिली.

याच मंडळींच्या खटपटीनें १९२० सालीं टोकियोहून हाकोनेच्या डोंगरापर्यंत जाऊन परत येण्याची महाविद्यालयांची शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षीं चारच संघ होते. सकाळीं वर्ग असल्यामुळें विद्यार्थी दुपारीं एक वाजतां निघाले, आणि ऐन फेब्रुवारींत डोंगर चढावयाची वेळ आली तेव्हां अंधार पडला. तेव्हां डोंगरांतल्या गांवचे तरुण मशाली घेऊन रस्त्यावर उभे राहिले. निघण्याची वेळ चुकली कीं तिचें ओझें शेवटच्या टप्प्यावरच्या माणसाच्या डोक्यावर बसतें, हें त्या पहिल्याच शर्यतींत दिसून आलें. आज ती शर्यत जानेवारीच्या दुसऱ्या व तिसऱ्या तारखेस, सकाळीं आठ वाजतां निघते.

आतां मी स्वतः धांवलों त्या शर्यतीकडे येतों. अमेरिकेच्या पश्चिमेस ऑरेगन म्हणून एक राज्य आहे. तेथें माउंट हूड नांवाचा, वर्षभर माथ्यावर बर्फ असलेला, अकरा हजार फुटांहून उंच असा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या अंगावर, सुमारें सहा हजार फुटांवर, टिंबरलाइन नांवाची एक जुनी धर्मशाळेसारखी मोठी लांकडी इमारत आहे; तेथून निघून पॅसिफिक महासागराच्या कांठीं सीसाइड या गांवीं पोंचावयाचें. अंतर सुमारें १९९ मैल, म्हणजे ३२० किलोमीटर. बॉब फूट या धांवपटूनें ही शर्यत १९८२ सालीं सुरू केली, तेव्हां संघ अवघे आठ होते आणि वाटही कांहींशी तोकडी होती. पुढें संघ हजाराच्या घरांत गेले. प्रत्येक संघांत बारा जण, एकंदर टप्पे ३६, म्हणजे प्रत्येकास तीन वेळां धांवावें लागतें. बारा जण दोन गाड्यांत बसतात. पहिल्या गाडीचे सहा जण धांवत असतां दुसऱ्या गाडीनें पुढें जाऊन जेवावें, झोपावें, मग उलट. मनगटावर थापटली असतां आपोआप गुंडाळली जाणारी एक पट्टी हीच तेथली काठी. ऑगस्टच्या अखेरीस शुक्रवारीं निघालेले संघ शनिवारीं समुद्र गांठतात.

आमच्या संघांत आपल्या वसईकडचे आम्ही चार जण होतों. बाकीचे कामावरचे सोबती, कोणी मेक्सिकन, कोणी फिलिपिनो, दोघे तिकडचेच. नायकपद एका मल्याळी परिचारिकाबाईंकडे होतें. रुग्णालयांतल्या रात्रपाळीचा त्यांना वर्षानुवर्षांचा अनुभव. आम्ही सारे त्यांना ताई म्हणत असूं आणि त्यांचें ऐकतही असूं, निदान शुक्रवारच्या दुपारपर्यंत तरी.

दर मैलास दहा मिनिटें धरलीं तर १९९ मैलांस तेहतीस तास आणि दहा मिनिटें होतात. सकाळीं सव्वासहास निघालों म्हणजे दुसऱ्या दिवशीं दुपारीं तीन वाजून पंचवीस मिनिटांनीं समुद्र. आमच्या एका अभियंत्यानें याचें एक सुंदर कोष्टक करून दोन्ही गाड्यांत चिकटविलें होतें. छत्तीस ओळी, प्रत्येक ओळींत धांवणाऱ्याचें नांव, मैल, चढ, उतार आणि मिनिटें. त्या कोष्टकांत काय नव्हतें तें मी पुढें सांगतों.

पहिली फजिती उतारानें केली. पर्वतावरून निघणारा पहिला टप्पा सहा मैलांहून कमी आहे, पण तेवढ्यांत सुमारें दोन हजार फूट उतरावयाचें असतें. आमच्यांत सर्वांत लहान, ज्याला आम्ही नुसतें 'धाकटा' म्हणत असूं, त्यानें हा टप्पा हट्टानें मागून घेतला. उतारावर काय, दगडही धांवतो! तो वाऱ्यासारखा खालीं आला, लोकांनीं टाळ्या वाजविल्या आणि कोष्टकांतलीं सात मिनिटें वांचलीं. संध्याकाळीं दुसऱ्या टप्प्यासाठीं गाडींतून खालीं उतरावयाचें तर त्यास दोन्ही हातांनीं दाराची चौकट धरावी लागली. चढतांना स्नायु आंखडून काम करितो. उतरतांना तोच स्नायु ताणला जात असतां वजन पेलून धरितो, आणि या ताणानें त्याच्या तंतूंस बारीक बारीक इजा होते. ती दुखावण तेव्हां कळत नाहीं. एक-दोन दिवसांत ती पुरी वर येते. शर्यत जर एका टप्प्याची असती तर धाकटा वीर ठरला असता. तीन टप्प्यांच्या शर्यतींत पहिल्यानेंच वीर होणें महाग पडतें. दुसऱ्या वर्षीं तो टप्पा आम्हीं पन्नाशींतल्या एका गृहस्थास दिला. ते लहान पावलें टाकीत, इकडे तिकडे पाहत उतरले, आणि शनिवारीं जिने चढत होते.

खाण्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण आपल्या लोकांस ती विशेष लागू पडते. आमच्यापैकीं एकाच्या घरून मोठ्या प्रेमानें इंदयालाचा डबा आला होता. रात्रीं अकराच्या सुमारास, थंडींत, जंगलाच्या कडेला तो उघडला तेव्हां आजूबाजूच्या दोन संघांचे लोकही वासानें जवळ आले. ज्यांचें धांवणें संपलें होतें त्यांनीं खाल्लें तें ठीक. ज्याला बारा वाजतां निघावयाचें होतें त्यानेंही खाल्लें. धांवतांना शरीर पोटाकडचें बरेंच रक्त काढून पायांकडे पाठवितें. पोटांत तेल-मसाला तसाच पडून राहतो आणि मग पोट आपला निषेध नोंदवितें. त्या बिचाऱ्यानें पांच मैलांत तीन वेळां झाडी गांठली. पुढल्या वर्षीं मीं घरून तांदळाची पेज, मीठ घालून, गरम राहणाऱ्या बाटलींत नेली. तिकडचे लोक रंगीबेरंगी पाकिटांतलें गोड पाणी पितात. पेज त्याहून वाईट नाहीं, आणि रात्रीं तीन वाजतां ती फार बरी लागते.

दिव्याविषयीं थोडेंसें. रात्रीं प्रत्येकानें चमकणारा अंगरखा घालावा, कपाळावर दिवा लावावा आणि पाठीवर लुकलुकणारा तांबडा दिवा लावावा, असा तेथें नियम आहे. नियम चांगला; पण सर्वांचे दिवे सारखेच असतात. आमच्या एका गड्यानें पुढच्या तांबड्या दिव्यावर नजर ठेवून मैलभर मोठ्या जोमानें पाठलाग केला, आणि तो दिवा वळला तसा हाही वळला. शेवटीं तो दिवा एका शेतांतल्या झाडामागें जाऊन उभा राहिला. त्या परक्या गृहस्थानें अत्यंत सभ्यपणें विचारलें, "आपण माझ्याबरोबर येथवर कां आलां?"

आतां मुख्य गोष्ट. शनिवारच्या पहाटे, तीन वाजण्यास कांहीं मिनिटें असतील. पोर्टलंड शहर मागें टाकून, कोलंबिया नदीच्या कांठचा रस्ता सोडून, आम्ही किनाऱ्यालगतच्या डोंगरांतल्या जंगलांत शिरलों होतों. तो प्रदेश असा कीं, रस्त्यावर दिवा नाहीं, कांहीं ठिकाणीं डांबर नाहीं, आणि दूरध्वनीचा तर मागमूस नाहीं. कोरड्या खडीवरून शेंकडों गाड्या गेल्यामुळें धूळ इतकी कीं, धांवणारे नाकातोंडास रुमाल बांधतात. मी दुसऱ्या गाडींत होतों. तेविसाव्या टप्प्यावर आमची मेक्सिकन सोबतीण पुढें एकटी धांवत होती. तिला ओलांडून आम्हीं पुढल्या ठाण्यावर जावयाचें आणि तेथें चोविसावा टप्पा मीं घ्यावयाचा, असें होतें. आमचे सारथी एका सोबत्याचे स्नेही, केवळ मदत म्हणून आलेले, अत्यंत सज्जन गृहस्थ. गाडींत बाकीचे पेंगत होते. मी बूट बांधीत होतों. एकाएकीं चाकांखालीं खडीचा मोठा करकर असा आवाज झाला, गाडी उजवीकडे कलली, आणि समोरच्या दिव्यांत रस्त्याच्या जागीं झाडांचे बुंधे दिसले. त्या आवाजानेंच सारथी जागे झाले. त्यांनीं चाक फिरविलें आणि गाडी रस्त्यावर आली. कोणास ओरखडाही उठला नाहीं. पण ज्या कडेवरून आमचीं चाकें गेलीं, त्याच कडेनें अर्ध्या मैलामागें आमची मुलगी धांवत होती, आणि तिच्या पुढेंमागें इतर संघांचीं मुलें होतीं.

ताईंनीं गाडी थांबवावयास सांगितली. एका शेताच्या फाटकापाशीं, रस्त्यापासून पुष्कळ आंत, ती उभी राहिली. एक तरुण म्हणाला, "मी चालवितों, मी अगदीं ताजा आहें." ताईंनीं विचारलें, "तूं केव्हां उठलास?" तो म्हणाला, "काल पहाटे पांचला." सारथीही काल पहाटे पांचलाच उठले होते. आम्ही सर्वच पांचला उठलों होतों. ताईंनीं किल्ली काढून घेतली आणि अंगरख्याच्या खिशांत टाकली.

येथें थोडें शास्त्र सांगितलें पाहिजे. सतरा-अठरा तास सतत जागा राहिलेला मनुष्य, रक्ताच्या दर १०० मिलिलिटरांस ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या मनुष्याइतका मंद होतो, असें प्रयोगांनीं दिसून आलें आहे. चोवीस तासांच्या जागरणानें हें प्रमाण १०० मिलिग्रॅमांच्या आसपास जातें. आपल्या देशाच्या कायद्यानें गाडी चालविणाऱ्यास ३० मिलिग्रॅमांची मर्यादा आहे. म्हणजे जो मनुष्य थेंबभरही घेत नाहीं, तोही पहाटे तीन वाजतां मद्यप्यासारखा गाडी हांकूं शकतो, आणि त्याला कोणी पोलीस पकडीत नाहीं. शिवाय मध्यरात्रीनंतर दोन ते पांच हा काळच असा आहे कीं, शरीर झोप मागतें, मग तुम्ही मनानें कितीही ठरविलें असो. धांवणारा जागा राहतो, कारण त्याचे पाय हलत असतात. सारथी ऊबदार गाडींत, मऊ आसनावर, ताशीं दहा-पंधरा मैलांच्या संथ गतीनें पुढच्या गाडीच्या तांबड्या दिव्याकडे पाहत बसलेला असतो. याहून चांगली अंगाई कोणती?

आणि ते गृहस्थ दोषी नव्हते, हें मी मुद्दाम सांगतों. कोष्टकांत छत्तीस ओळी होत्या. प्रत्येक धांवणाऱ्यानें केव्हां झोपावें हेंही त्यांत लिहिलें होतें. सारथ्यानें केव्हां झोपावें याची ओळ नव्हती. आम्ही धांवून आलों कीं आम्हांस कांबळें मिळे, पेला मिळे, "शाबास" मिळे. त्यांनीं बावीस तासांत तीनदां गाडी लावण्यास जागा शोधली, दोनदां पेट्रोल भरलें, आणि एकदां माझे विसरलेले मोजे शोधून दिले.

आतां पेंच असा पडला. गाडी थांबली तर मी पुढल्या ठाण्यावर पोंचणार कसा? मी पोंचलों नाहीं तर ती मुलगी घामानें भिजलेली, थंडींत, पट्टी हातांत घेऊन उभी राहणार. आणि ठाण्यावर पोंचून तिला आमची गाडी दिसली नाहीं म्हणजे तिच्या मनांत काय काय येणार! कोणी म्हणालें, अवघे चार मैल आहेत, हळू हळू जाऊं. ताई म्हणाल्या, "अपघात-विभागांत मजकडे जे येतात, ते सर्व अवघे चार मैलच जाणार असतात." मग त्या रस्त्याच्या कडेला दिवा हलवीत उभ्या राहिल्या. तिसरी गाडी थांबली. तींत सहा अपरिचित बाया होत्या, झोपेनें डोळे तांबडे झालेल्या, परंतु त्यांच्या सारथ्यानें रात्रीं नऊपर्यंत झोप घेतली होती. ताईंनीं हें आधीं विचारून घेतलें आणि मगच मला आंत ढकललें. मी वेळेवर ठाण्यावर पोंचलों. मुलगी आली. मीं पट्टी घेतली आणि धांवतांधांवतांच तिला दोन वाक्यांत हकीकत सांगितली. त्या बायांनीं तिला कांबळें दिलें. आमच्या गाडीनें सव्वा तास विश्रांति घेतली, सारथी खरोखर गाढ झोपले, आणि मग ते तिला घेण्यास आले.

इकडे मी चोविसावा टप्पा धांवत मिस्ट नांवाच्या खेड्याजवळच्या ठाण्यावर आलों, तेव्हां चार वाजून गेले होते. नांवाप्रमाणें तेथें धुकें होतें. पुढचा टप्पा पहिल्या गाडीचा, म्हणजे धाकट्याचा. ठाण्यावर तो नव्हता. कसा असेल? ठरलें होतें तें असें कीं, आमची गाडी धांवणाऱ्याच्या आधीं पोंचेल आणि पहिल्या गाडीच्या मंडळीस उठवील. आमची गाडी तर फाटकापाशीं घोरत होती, आणि दूरध्वनी तेथें लागत नाहीं. एका शेतांत शेंकडों माणसें झोपण्याच्या पिशव्यांत गुंडाळून पडलेलीं. अंधारांत सर्व पिशव्या सारख्याच. मोठ्यानें ओरडावें तर इतरांची झोप मोडते. इंग्रजी नांवानें हळूच हांक मारली तर दोन-तीन परके उठून बसले. शेवटीं मीं रांगेनें जात, वांकून, आपल्या वाडीच्या बोलीत म्हणूं लागलों, "अरे धाकट्या, ऊठ, आई बोलावते!" सातव्या कीं आठव्या रांगेंत एक पिशवी ताडकन् उठून बसली. या शोधांत एकोणीस मिनिटें गेलीं. तेव्हांपासून आमच्या संघाचा दंडक आहे कीं, प्रत्येक गाडींत एक मनुष्य स्वतःच्या घड्याळाच्या गजरानें उठतो. दुसरा येऊन उठवील यावर कोणीही झोपत नाहीं.

बाकीच्या लहानसहान गोष्टी सांगत बसत नाहीं. धाकटा शेवटचा टप्पा निम्मा चालत गेला. एकाचा घोटा मुरगळला. आम्ही समुद्रास पोंचलों तेव्हां साडेचार वाजून गेले होते आणि समुद्रकिनारी उन्ह होतें. सर्वच संघांचें नशीब तसें नसतें. २०१५ सालीं ऐन शेवटच्या दिवशीं वादळ होऊन किनाऱ्यावरचा समारंभ रद्द करावा लागला होता. सारथ्यांनीं गाडी लावली, बूट काढले आणि आमच्या आधीं जाऊन पाण्यांत उभे राहिले.

आतां आपल्या बेताविषयीं. परवां मी चार युवकांबरोबर दिवसां ती वाट पाहून आलों. वांद्र्यापासून दहिसरपर्यंतचा मोठा रस्ता आणि तेथून पुढें घोडबंदरची खाडी ओलांडून येणारा राष्ट्रीय महामार्ग, यांवर रात्रीं अवजड मालमोटारींची केवढी वर्दळ असते तें आपणांस ठाऊक आहे. खाडीच्या पुलावर धांवूं नये असें माझें स्पष्ट मत आहे. ज्योत कंदिलांत ठेवून गाडींतून पलीकडे न्यावी. "मग ती धांवत आणलेली ज्योत कशी?" असें एका तरुणानें रागानें विचारलें. मीं त्यास विचारलें, पुलावरून जाणाऱ्या मालमोटारीच्या चालकाला हा भेद कोण समजावून सांगणार? तो गप्प बसला; त्याचें समाधान झालें असें नाहीं.

धांवणाऱ्यानें रस्त्याच्या उजव्या कडेनें, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धांवावें, म्हणजे येणारें संकट निदान दिसतें. उघडी मशाल डोळ्यांसमोर धरली असतां धांवणाऱ्याचेच डोळे दिपतात आणि पायांखालचा खड्डा दिसत नाहीं. शिवाय ती मागून येणाऱ्यास फारशी दिसतही नाहीं, मध्यें त्याचेंच अंग येतें. म्हणून ज्योत कंदिलांत, हात खालीं, आणि पाठीवर चमकणारा पट्टा. बदल रस्त्यावर करूं नये. देवळांचीं पटांगणें, पेट्रोलचे पंप अशा रस्त्याबाहेरच्या जागा आम्हीं निवडल्या आहेत. कांहीं टप्पे त्यामुळें लांब-आंखूड होतील, त्याला इलाज नाहीं. टेंपोच्या फळीवर कोणी बसावयाचें नाहीं, आणि गाणीं लावावयाचीं नाहींत, कारण मागचा भोंगा ऐकूं आला पाहिजे. आयांनो, या अटी पाळल्या जात असतील तर पोरांना जाऊं द्यावें, असें मी म्हणेन. एखादीही मोडली तर धाकट्यास घरीं ठेवावें.

राहिली एक गोष्ट. गाडी चालविण्यास दोन जण हवे आहेत, एक मध्यरात्रीपर्यंत व एक त्यानंतर. दोघांनीं आदल्या दुपारीं घरीं, पडदे ओढून, चांगले चार तास झोपावें लागेल, आणि त्या दिवशीं त्यांना मांडवाचें कोणतेंही काम सांगितलें जाणार नाहीं, असें चालक मंडळीनें कबूल केलें आहे. येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर युवक मंडळाच्या खोलींत नांवें घेतली जातील. धांवणाऱ्यांचीं नांवें काल संध्याकाळपर्यंत एकेचाळीस आलीं आहेत. सारथ्याचें अजून एकही आलेलें नाहीं.